मांडवगडाच्या तीन मशिदी : पंधराव्या शतकातील माळव्याच्या वास्तुकलेचा स्थलाधारित परिचय

१. प्रस्तावना

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात असलेला मांडवगड, अर्थात मांडू, मराठी वाचकांस प्रामुख्याने दोन कारणांनी परिचित आहे. राणी रूपमती व बाजबहादूर यांची प्रेमकथा हे पहिले कारण, आणि पावसाळ्यात ढगांनी वेढलेला जहाजमहाल हे दुसरे. गडावर येणारा बहुसंख्य पर्यटक या दोन स्थळांच्या ओढीने येतो, त्यांची छायाचित्रे घेतो आणि सायंकाळी परत फिरतो. गडाच्या इतिहासातील बाजबहादूराचा काळ मात्र १५५५ ते १५६१ असा अवघ्या सहा वर्षांचा आहे. त्यापूर्वी सुमारे सव्वाशे वर्षे हे नगर माळव्याच्या स्वतंत्र सुलतानशाहीची राजधानी होते. ‘बाजबहादूराचा महाल’ म्हणून दाखविली जाणारी इमारतदेखील तेथील शिलालेखानुसार नासिरुद्दीन खलजीच्या कारकीर्दीत, १५०८-०९ मध्ये बांधली गेली. म्हणजेच लोकप्रिय आख्यायिकेने गडाचा मूळ इतिहास बऱ्याच अंशी झाकून टाकला आहे.

हा झाकलेला इतिहास वाचण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे गडावरील तीन मशिदी होत : दिलावरखानाची मशीद (१४०५), मलिक मुघीसची मशीद (१४३२) आणि जामी मशीद (१४५४). या तिन्ही इमारतींचे काल शिलालेखांनी निश्चित झालेले आहेत. त्या बांधकामाच्या क्रमाने पाहिल्यास एका नव्या राज्याने अवघ्या पन्नास वर्षांत स्वतःची वास्तुभाषा कशी घडविली हे प्रत्यक्ष दिसते. हा क्रम अभ्यासकांसमोर व जिज्ञासू प्रवाशांसमोर ठेवणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. भौगोलिक स्थान

मांडवगड विंध्य पर्वताच्या दक्षिण कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेला आहे. उत्तरेस माळव्याचे सुपीक पठार, तर दक्षिणेस एकदम खाली उतरणारे कडे आणि त्यापलीकडे निमाडचा सखल प्रदेश व नर्मदा नदी अशी ही रचना आहे. माळव्याच्या पठारापासून गडाचा माथा ‘काकडा खोह’ नावाच्या खोल दरीने तुटलेला आहे. त्यामुळे गडास निसर्गतःच खंदक लाभला आहे. कड्यांच्या काठाने बांधलेल्या तटाची लांबी सामान्यतः ३७ किलोमीटर सांगितली जाते आणि तटास बारा दरवाजे आहेत.

सह्याद्रीतील गिरिदुर्गांची सवय असलेल्या मराठी प्रवाशास येथे एक फरक प्रकर्षाने जाणवतो. आपल्याकडील बहुतेक डोंगरी किल्ल्यांवर शिबंदी, कोठारे व काही वाडे एवढीच वस्ती असे. मांडवगडावर संपूर्ण नगर वसले होते. तलाव, बावड्या, बाजार, सराई, मदरसा, महाल आणि मशिदी यांसाठी येथे पुरेशी सपाट जागा व साठविलेले पाणी होते. सुलतानांनी या नगरास ‘शादियाबाद’, म्हणजे आनंदनगर, असे नाव दिले. शेकडो लोकांनी एकत्र नमाज पढण्याची जागा ही अशा नगराची मूलभूत गरज असते. म्हणूनच गडावरील मशिदींच्या वाढत्या आकारावरून नगराच्या वाढीचा अंदाज घेता येतो.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

‘मंडपदुर्ग’ हे या स्थळाचे प्राचीन नाव असून सहाव्या शतकातील एका शिलालेखात त्याचा उल्लेख आढळतो. पुढे परमार राजांच्या काळात या दुर्गास महत्त्व आले. १३०५ मध्ये अलाउद्दीन खलजीचा सेनापती ऐन-उल-मुल्क मुलतानी याने माळवा जिंकला आणि तेथून सुमारे शंभर वर्षे हा प्रांत दिल्लीच्या सुभेदारांकडे राहिला.

१३९८ मध्ये तैमूरने दिल्ली उद्ध्वस्त केली आणि तुघलक सत्तेचा कणा मोडला. पळून आलेल्या सुलतान महमूद तुघलकास माळव्याचा सुभेदार दिलावरखान घोरी याने धार येथे आश्रय दिला. आपल्या पित्याने पराभूत सुलतानापुढे नमते घ्यावे हे त्याचा पुत्र अल्पखान यास रुचले नाही. तो मांडवगडावर जाऊन राहिला आणि त्याने गडाच्या तटबंदीचे काम हाती घेतले, असे फार्सी इतिहासग्रंथ सांगतात. १४०१ मध्ये दिलावरखानाने स्वातंत्र्य पुकारले. त्याच्यानंतर अल्पखान ‘होशंगशाह’ या नावाने गादीवर आला (मृत्यू १४३५) आणि त्याने राजधानी धारहून मांडवगडावर हलविली. १४३६ मध्ये महमूद खलजी याने घोरी घराण्याची सत्ता घेतली व १४६९ पर्यंत राज्य केले. लेखविषय असलेल्या तीन मशिदी दिलावरखान, होशंगशाह आणि महमूद खलजी या तीन राजवटींच्या प्रतिनिधी आहेत.

४. दिलावरखानाची मशीद (१४०५) : जुळवलेली वास्तू

दिल्ली दरवाजाने गडात शिरल्यावर उत्तर भागातील राजवाड्यांच्या परिसरात, हिंदोळा महालाच्या जवळ, दिलावरखानाची मशीद लागते. गडावरील ही सर्वांत जुनी मुस्लिम वास्तू होय. आकाराने ती साधारण आहे आणि जहाजमहालाकडे घाईने निघालेले प्रवासी बहुधा तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात.

मध्यभागी उघडे अंगण आणि त्याच्या चारही बाजूंना खांबांची दालने, असा तिचा आराखडा आहे. किबल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेचे पश्चिमेकडील दालन इतर दालनांपेक्षा अधिक खोल आहे. खांब, तुळया आणि छताचे काही भाग पूर्वीच्या मंदिरवास्तूंमधून आणलेले आहेत. पूर्वेकडील प्रवेशद्वारावरील कोरीव कामातही जुनी परंपरा स्पष्ट दिसते. बांधकामाची पद्धत उभा खांब व त्यावर आडवी तुळई अशी, भारतीय कारागिरांस पिढ्यान्‌पिढ्या अवगत असलेली आहे.

येथे एका नाजूक प्रश्नाचा विचार करणे अपरिहार्य ठरते. जुन्या देवालयांचे दगड मशिदीत वापरले गेले, ही वस्तुस्थिती आहे आणि ती दडविण्याचे कारण नाही. सत्तांतराच्या काळात जिंकलेल्या राजवटीच्या पवित्र वास्तूंवर आघात झाले, हेही इतिहासाचेच अंग होय. मात्र केवळ एवढ्यावर थांबल्यास त्या दगडांनी सांगितलेली उर्वरित माहिती आपण गमावतो. चार वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या राज्यापाशी नव्या खाणी, नवे आराखडे व कमानीत प्रवीण असे पाथरवट पुरेशा संख्येने नव्हते, हे ही वास्तू सांगते. खांब उभे करणारे हात स्थानिक होते, हेही तीच सांगते. धार येथील लाट मशीद दिलावरखानानेच १४०५ मध्ये बांधविली आणि तेथेही हीच पद्धत आहे. दोन्ही वास्तू एकत्र पाहिल्यास आरंभीच्या काळातील साधनांची मर्यादा लक्षात येते.

५. मलिक मुघीसची मशीद (१४३२) : संक्रमण

दुसरी मशीद गावाच्या दक्षिणेस, सागर तलावाच्या पूर्वेकडील परिसरात आहे. होशंगशाहाचा वजीर मलिक मुघीस याने ती १४३२ मध्ये बांधविली. हाच मलिक मुघीस पुढे सुलतान झालेल्या महमूद खलजीचा पिता होय.

दिलावरखानाच्या मशिदीनंतर सत्तावीस वर्षांनी झालेल्या या वास्तूत दोन काळ एकमेकांशेजारी उभे आहेत. आतील खांब अद्यापही पूर्वीच्या इमारतींमधीलच आहेत. परंतु बाहेरून पाहिल्यास वास्तूची भूमिका पालटलेली दिसते. इमारत उंच जोत्यावर उचललेली आहे. जोत्याच्या दर्शनी भागात कमानयुक्त खोल्यांची ओळ आहे. पूर्वेकडे पायऱ्या आणि पुढे आलेला प्रवेशमंडप आहे. पश्चिमेकडील दालनावर घुमट आहेत. प्रवेशद्वारी पोहोचण्यासाठी पायऱ्या चढाव्या लागतात आणि चढता चढता वास्तू क्रमाक्रमाने उलगडत जाते. उंच जोते, लांब पायऱ्या व पुढे आलेला मंडप ही त्रयी पुढे माळव्याच्या वास्तुशैलीचे लक्षण ठरली.

या मशिदीसमोरील सराई पाहिल्यावर तिच्या स्थानाचा अर्थ लागतो. पहिली मशीद राजपरिवाराच्या आवारात होती. दुसरी एका वजिराने प्रवासी, व्यापारी व रहिवासी यांच्या वाटेवर बांधली. तीन दशकांच्या आत वस्ती राजवाड्याच्या परिघाबाहेर, दक्षिणेकडे पसरली होती, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

६. जामी मशीद (१४५४) : स्वतंत्र शैलीची सिद्धी

गावाच्या मध्यभागी असलेली जामी मशीद होशंगशाहाने आरंभिली आणि महमूद खलजीने १४५४ मध्ये पूर्ण केली. तिची प्रत्येक बाजू सुमारे २८८ फूट असून पूर्वेकडील घुमटाकार प्रवेशमंडप त्याही पुढे आलेला आहे. जोते उंच असून त्याच्या दर्शनी भागात कमानींच्या खोल्या आहेत. पायऱ्या चढून घुमटाखालील अंधाऱ्या प्रवेशमंडपातून अंगणात पाऊल टाकताच अकस्मात उजेड व विस्तार सामोरा येतो. अंगणाच्या प्रत्येक बाजूस अकरा कमानी आहेत. पश्चिमेकडील दालनाची खोली सर्वाधिक असून त्यावर तीन मोठे घुमट आहेत. उरलेले छत लहान लहान घुमटांच्या रांगांनी झाकलेले आहे.

या रचनेमागील तंत्र समजून घेतल्यास मागील दोन वास्तूंशी असलेला तिचा संबंध स्पष्ट होतो. दगड दाब उत्तम सहन करतो, परंतु ताण सहन करण्याची त्याची शक्ती अल्प असते. आडव्या तुळईच्या खालच्या अंगास ताण पडतो. म्हणून दगडी तुळईची लांबी वाढविली की ती मध्यभागी तडकते. खांब जवळजवळ ठेवणे एवढाच उपाय उरतो आणि दालन खांबांच्या गर्दीने भरून जाते. कमानीत पाचरीसारखे दगड एकमेकांस दाबून धरतात. ताण जवळपास नाहीसा होतो व अंतर वाढविता येते. त्याऐवजी कमान बाजूंना रेटा देते आणि तो रेटा पेलण्याची तरतूद करावी लागते. जामी मशिदीत शेजारच्या कमानी व घुमट परस्परांचा रेटा तोलून धरतात आणि अखेरचा भार बाहेरच्या जाड भिंतींवर जातो. इमारतीचा प्रत्येक खण दुसऱ्यास आधार देतो. असा आराखडा जुन्या खांबांच्या जुळवाजुळवीतून होत नाही. त्यासाठी पायाभरणीपूर्वी संपूर्ण मोजमाप ठरवावे लागते आणि प्रत्येक दगड त्या मापाने घडवावा लागतो.

अलंकरणात संयम आहे. लाल दगडाची भव्य पृष्ठे, द्वारशाखांवर संगमरवर आणि मोजक्या ठिकाणी निळ्या झिलईच्या फरशा, एवढ्यावर सौंदर्य साधले आहे. किबल्याच्या भिंतीत सतरा मेहराब असून मध्यवर्ती मेहराबाजवळ संगमरवरी छत्रीचे मिंबर आहे. छत्रीखालील नागमोडी आधार पाहताना गुजरात-माळव्यातील मंदिरशिल्पाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. जुने दगड येथे नाहीत, परंतु जुने हात मात्र आहेत. परंपरा आता उसन्या साहित्याच्या रूपाने न राहता कारागिरांच्या कौशल्याच्या रूपाने वास्तूत मुरलेली आहे. मशिदीस मिनार नाहीत, ही बाबही लक्षात घेण्याजोगी आहे. समकालीन अहमदाबादेतील मशिदींचे मिनार पाहिलेल्या अभ्यासकास हा फरक तत्काळ जाणवतो.

ही मशीद दमास्कस येथील मोठ्या मशिदीच्या धर्तीवर बांधली गेली, असे परंपरेने सांगितले जाते. आराखड्यांची तुलना करता हे साम्य मर्यादित ठरते. ७१५ मध्ये पूर्ण झालेली दमास्कसची उमय्या मशीद आयताकृती असून तिच्या नमाजगृहावर उतरती छपरे व मध्यभागी एकच मोठा घुमट आहे. मांडवगडाची मशीद चौरस असून तिचे छत घुमटांनी व्यापलेले आहे. साम्य शोधायचे ते आकांक्षेत. एका प्रांतिक राज्याने आपली तुलना इस्लामी जगातील आद्य वास्तूशी केली, यातच महमूद खलजीच्या राजवटीचा आत्मविश्वास दिसतो. याच सुलतानास १४६५-६६ च्या सुमारास कैरो येथील अब्बासी खलिफाकडून मान्यतेची वस्त्रे व सनद प्राप्त झाली होती, हे येथे नमूद करावे लागेल.

७. परिसरातील पूरक पुरावे

जामी मशिदीच्या पश्चिमेस लागूनच होशंगशाहाची कबर आहे. भारतातील आरंभीच्या संपूर्ण संगमरवरी कबरींमध्ये तिची गणना होते. तिच्या द्वारशाखेवरील १६५९ च्या लेखात शाहजहानच्या पदरी असलेल्या चार वास्तुविशारदांनी या कबरीस आदरपूर्वक भेट दिल्याची नोंद आहे. त्यांत उस्ताद अहमदचा पुत्र लुत्फुल्ला आणि उस्ताद हमीद यांच्यासोबत जादूराय व शिवराम ही नावेही येतात. या लेखाच्या आधारे ताजमहालाचे शिल्पकार बांधकामापूर्वी येथे नमुना पाहण्यास आले होते, असे सर्रास सांगितले जाते. परंतु ताजमहालाची मुख्य इमारत १६४८ पर्यंत पूर्ण झालेली होती. सदर लेखाने सिद्ध होते ते एवढेच की, मुघल दरबारातील श्रेष्ठ कारागीर दोनशे वर्षांपूर्वीच्या माळवी कामापुढे नतमस्तक झाले. दंतकथेपेक्षा हे सत्य कमी मोलाचे नाही.

मशिदीच्या पूर्वेस, रस्त्यापलीकडे, अशर्फी महालाचे अवशेष आहेत. मूळ मदरसा, त्यावर महमूद खलजीची कबर आणि एका कोपऱ्यात मेवाडच्या राणा कुंभावरील विजयाप्रीत्यर्थ उभारलेला सात मजली मनोरा, असे त्याचे टप्पे होते. आज मनोऱ्याचा केवळ तळमजला उरला आहे. याच संघर्षातील विजयाचे स्मारक म्हणून राणा कुंभाने उभारलेला चितोडचा विजयस्तंभ मात्र अद्याप उभा आहे. दोन्ही पक्षांनी विजयाचे स्मारक बांधावे आणि त्यांतील एकच टिकावे, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकास बरेच काही शिकवते.

८. उत्तरकाळ आणि मराठी संबंध

१५३१ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने गड जिंकला आणि सुलतानशाही संपली. १५६१ मध्ये अकबराच्या सैन्याने बाजबहादूराचा पराभव केल्यावर गड मुघल अमलाखाली गेला. १६१७ मध्ये जहांगीर सुमारे सात महिने येथे राहिला. त्याच्या वास्तव्यासाठी जुन्या इमारतींची मोठ्या खर्चाने दुरुस्ती करण्यात आली होती.

मराठ्यांच्या माळव्यातील प्रवेशाशीही या परिसराचा निकटचा संबंध आहे. नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने नर्मदा ओलांडून मांडवगडाजवळच्या घाटाने पठार गाठले आणि २९ नोव्हेंबर रोजी अमझेरा येथे मुघल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. पुढे धारच्या पवारांची सत्ता या प्रदेशावर स्थिर झाली व ती १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत टिकली. विसाव्या शतकाच्या आरंभी झाडीत बुडालेल्या अनेक इमारती मोकळ्या करण्याचे व त्यांच्या डागडुजीचे काम धार संस्थानाच्या काळातच झाले. आज गडावरील प्रमुख वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. हा मराठी संस्थानी वारसा आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही.

९. अभ्यासभेटीसाठी काही सूचना

(अ) गडाची प्रचलित फेरी जवळच्या स्थळापासून दूरच्या स्थळाकडे जाते. त्यामुळे गावातील जामी मशीद मलिक मुघीसच्या मशिदीआधी पाहिली जाते आणि विकासाचा क्रम उलटा होतो. प्रथम उत्तरेकडील दिलावरखानाची मशीद, नंतर दक्षिणेकडे सागर तलावाजवळील मशीद आणि तेथून परत येऊन गावातील जामी मशीद, असा क्रम ठेवावा. थोडे उलटे अंतर पडते, पण विषय स्पष्ट होतो.

(आ) तिन्ही मशिदींची मुख्य नमाजगृहे पश्चिमेस असून अंगणाच्या बाजूने उघडी आहेत. सकाळी पूर्वेकडील प्रकाश थेट आत पोहोचतो. मेहराब व कोरीव काम पाहण्यास हीच वेळ योग्य होय.

(इ) प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत : खांब एकसारखे आहेत की निरनिराळ्या घडणीचे? अंतर तुळईने साधले आहे की कमानीने? जोते किती उंच आहे? या तीन उत्तरांची टिपणवहीत नोंद केल्यास पन्नास वर्षांचा बदल विद्यार्थ्यांस स्वतःच सापडतो.

(ई) पावसाळ्यात गड अत्यंत रम्य दिसतो. परंतु शेवाळलेल्या पायऱ्या व जोत्यांवर सावधगिरी बाळगावी. धार्मिक वास्तूंत पादत्राणे व आवाज यांविषयी संकेत पाळावेत. भिंतींवर नावे कोरण्याची कुप्रवृत्ती येथेही आढळते. कालनिश्चिती करणारे लेख ज्या दगडांवर आहेत, त्याच प्रकारच्या दगडांवर ही खरवड होते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे आवश्यक आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. १४०५ मधील मशीद पूर्वीच्या साहित्याची जुळणी आहे. १४३२ मधील मशिदीत जुने खांब कायम असले तरी जोते, पायऱ्या व प्रवेशमंडप यांतून नवा विचार प्रकट होतो. १४५४ मधील मशीद पायापासून घुमटापर्यंत एका आराखड्याची निर्मिती आहे. या वाटचालीत दिल्लीच्या तुघलक परंपरेतील कमान आणि स्थानिक कारागिरांचे कोरीव कौशल्य यांचा संयोग झाला व त्यातून माळव्याची स्वतंत्र शैली साकारली.

या वास्तूंकडे केवळ विध्वंसाचा पुरावा म्हणून पाहणे जितके अपुरे आहे, तितकेच केवळ सौंदर्याचा नमुना म्हणून पाहणेही अपुरे आहे. पहिल्या मशिदीतील उखडून आणलेला खांब आणि तिसऱ्या मशिदीतील नव्याने घडविलेली कमान, दोन्ही एकाच इतिहासाचे भाग आहेत. दोहोंकडे सारख्याच प्रामाणिकपणे पाहण्याची सवय ज्या विद्यार्थ्यास लागेल, त्यास आपल्या गावातील पडक्या वेशीचे, बारवेचे अथवा दर्ग्याचे दगडही वाचता येतील. मांडवगडाच्या अभ्यासभेटीचे खरे फलित हेच होय.